आमच्या घरी सूनबाईंची परीक्षा!

मैत्रिणींनो, घरात दहावी-बारावीची परीक्षा असली म्हणजे काय होतं ते मी तुम्हांला सांगायला नको. टीव्ही मुका होतो. पाहुण्यांना "परीक्षा झाल्यावर निवांत या हं" असं फोनवरच सांगितलं जातं. चिरंजीवांच्या टेबलावर न मागता दुधाचा पेला येतो. पण तीच परीक्षा घरातल्या सुनेची असली तर? तर मात्र पेला तिचा तिनंच आणायचा आणि तिनंच विसळायचा!

माझी धाकटी जाऊ एम.बी.बी.एस. आहे. २०२२ साली ती आमच्या घरात आली, तेव्हा सरकारी बंधपत्राचं एक वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात भरत होती. दुसऱ्या वर्षी छोटू झाला. तो रांगायला लागला तेव्हा एके दिवशी जेवताना ती हळूच म्हणाली, "मला पीजीची परीक्षा द्यायचीय." सासूबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "डॉक्टर झाली नं वं तू? आता अजून कायची परीक्षा?"

खरं सांगते, हा प्रश्न माझ्याही मनात होता. मी साधी बी.ए., इथल्याच एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. साडेपाच वर्षं शिकलेल्या डॉक्टरला आणखी काय शिकायचं उरतं, हे मला कुठून ठाऊक असणार? पण आमच्या मुक्ताईनगरात (जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात) एखादं तान्हं बाळ धापा टाकायला लागलं, की गाडी भुसावळच्या नाहीतर जळगावच्या रस्त्याला लागते, कारण तिथं 'लहान मुलांचा डॉक्टर' असतो. तो 'लहान मुलांचा' व्हायचा तर एम.बी.बी.एस.नंतर आणखी तीन वर्षं शिकावं लागतं, आणि त्याचं दार म्हणजे ही परीक्षा, नीट पीजी. पूर्वी आपल्या राज्याची वेगळी परीक्षा असे. २०१७ पासून साऱ्या देशाची ही एकच. शरीररचनेपासून मनोविकारांपर्यंत एकोणीस विषय, दोनशे प्रश्न, साडेतीन तास. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यातलं एक बरोबर. २०२४ साली दोन लाखांहून जास्त डॉक्टर तिला बसले होते. त्यांतली एक आमची.

त्या पहिल्या वर्षाचं फार सांगत नाही, कारण आठवलं की अजून पोटात कालवतं. परीक्षा होती २३ जून २०२४ ला, रविवारी. केंद्र नाशिकला. आम्ही दोघी छोटूला घेऊन शनिवारीच एका नातेवाइकांकडे उतरलो. रात्री दहाच्या सुमारास बातमी आली की उद्याची परीक्षा पुढे ढकलली. धाकटीनं ओळखपत्र, फोटो, सगळं पिशवीत भरून ठेवलं होतं. ती काही बोलली नाही. पिशवी उघडली, एकेक वस्तू बाहेर काढली आणि पुन्हा तशीच आत ठेवली.

नवीन तारीख आली ती ११ ऑगस्ट. आता खानदेशातल्या मैत्रिणींच्या लक्षात आलंच असेल. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार! म्हणजे कानबाई! सव्वाचं दळण, रोट, खीर, गंगाफळाची भाजी, रात्रीचं जागरण. भाऊबंद गोळा होतात, आणि घरची सून रोटाला नाही हे आमच्याकडे कुणी ऐकून घेत नाही. सासूबाई चार दिवस तिच्याशी धड बोलल्या नाहीत. ती गेली, पेपर दिला, सोमवारी कानबाईच्या विसर्जनाला परत आली. त्याच महिन्याच्या २३ तारखेला निकाल लागला. क्रमांक असा आला, की हव्या त्या शाखेचं नावही काढायला नको.

तिचं अभ्यासात काही कमी नव्हतं हो! पहाटे पाचला उठायची. मागल्या दहा-बारा वर्षांच्या प्रश्नांची जाडजूड पुस्तकं तिनं दोनदा संपवली होती. ही मुलं त्यांना 'पीवायक्यू' म्हणतात, म्हणजे आपले मागल्या वर्षांचे प्रश्न. मग अडलं कुठं?

ते मला कळलं सप्टेंबरात, अगदी योगायोगानं. रात्री वीज गेली होती. ती पोळ्या लाटत होती आणि मी मोबाईलच्या उजेडात मेथी निवडत होते. ती म्हणाली, "ताई, तुम्ही नुसता प्रश्न वाचून दाखवा, मी उत्तर सांगते. तेवढाच वेळ सत्कारणी." मी अडखळत इंग्रजी वाचायला लागले. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत ती म्हणाली, "सी." पुढचा वाचला. "ए." बरोबर! असे दहा झाले. मी थक्क. पण मी पडले मास्तरीण. सहज विचारलं, "मग बाकीची तीन उत्तरं का नाहीत गं?" लाटणं थांबलं. तिला सांगता येईना.

मैत्रिणींनो, आमच्या शाळेत पोरं गाइडमधून निबंध पाठ करतात. 'माझा आवडता सण' पाठ असतो आणि पेपरात येतो 'सण नसते तर'. धाकटीचं अगदी तेच झालं होतं. तिला प्रश्न ओळखू येत होता, त्यातला रोगी ओळखू येत नव्हता. परीक्षेत तोच विषय दुसऱ्या अंगानं आला, की पाठ केलेला 'सी' कुचकामी.

त्या रात्रीपासून आम्ही नियम केला. रोज ओटा आवरला की साडेनऊ ते साडेदहा मी वाचणार. उत्तर बरोबर आलं तरी सुटका नाही. उरलेली तिन्ही का चुकीची आणि ती कोणत्या रोग्याला बरोबर ठरली असती, हे तिनं मला साध्या मराठीत सांगायचं. मला कळलं नाही तर तिला आलं नाही असं समजायचं! एका तासात पूर्वी पन्नास प्रश्न व्हायचे, आता जेमतेम पंधरा. पण पंधरा प्रश्नांमागून साठ गोष्टी पक्क्या व्हायच्या.

एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रश्न साधारण असा होता: शेतात फवारणी करणाऱ्या माणसाला आणलंय, तोंडातून लाळ गळतेय, घामानं ओलाचिंब, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अ‍ॅट्रोपीनची इंजेक्शनं चालू केली. औषध पुरेसं झालं, हे कशावरून ठरवाल? ताप उतरल्यावरून, बाहुल्या मोठ्या झाल्यावरून, छातीतली घरघर थांबल्यावरून, की रोगी बोलायला लागल्यावरून? धाकटी चटकन म्हणाली, "बाहुल्या." आणि चुकली! बरोबर उत्तर होतं छाती. या विषानं माणूस दगावतो तो छातीत पाणी भरून आणि श्वास अडून, म्हणून तिथली घरघर थांबेपर्यंत औषध वाढवत न्यायचं. बाहुल्यांचा भरवसा नाही. फवारा डोळ्यात उडालेला असला तर त्या बारीकच राहू शकतात, आणि कधी त्या आधीच मोठ्या होतात व छाती मात्र भरलेलीच असते. बाहुल्यांवर विसंबून हात आखडता घेतला, तर रोगी हातचा जायचा.

ओसरीवर मामंजी बसले होते. जन्म कपाशीत आणि केळीत गेलेला माणूस. ते आत आले आणि उभ्यानंच म्हणाले, "आपल्या सालदाराला असंच झालं होतं. तोंडाला फेस आला होता." सासूबाई म्हणाल्या, "जळगावला नेलं म्हणून वाचला." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. धाकटीनं वहीत लाल शाईनं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला सासूबाई आपणहून छोटूला थोपटायला घेऊन गेल्या. तोंडानं एक अक्षर बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून त्यांनी 'कायची परीक्षा' असं कधी विचारलं नाही.

आता तुमच्या घरातलं कुणी या वाटेवर असेल, तर जुन्या प्रश्नांबद्दल आणखी काही गोष्टी सांगते. पहिली म्हणजे, या परीक्षेची प्रश्नपत्रिका शाळेच्या पेपरासारखी घरी आणता येत नाही. ती संगणकावर होते, आणि प्रश्न बाहेर सांगणार नाही असं परीक्षार्थींकडून कबूल करून घेतलेलं असतं. मग बाजारातल्या पुस्तकांत 'मागल्या वर्षीचे' म्हणून जे छापलेलं असतं ते काय? बहुतेक मुलांच्या आठवणीतून जुळवलेलं. आठवणीत शब्द बदलतात, चार पर्यायांतला एक गळतो, उत्तर तर छापणारा आपल्या मतानं देतो. एकाच प्रश्नाला दोन पुस्तकांत दोन उत्तरं आम्ही स्वतः पाहिली. अशा वेळी मूळ पाठ्यपुस्तक उघडायचं, दुसरा उपाय नाही. आणि टेलिग्रामवर 'उद्याचा पेपर' विकणारे भेटतात, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहू नये. खुद्द परीक्षा मंडळानंच त्यांच्याविरुद्ध इशारे दिलेले आहेत. पैसा तर जातोच, शिवाय पोरगी नसत्या लचांडात अडकते.

दुसरी गोष्ट मला फारच गमतीची वाटली. जुनी उत्तरं शिळी होतात! तुमच्या-माझ्या बाळंतपणातल्या लोहाच्या गोळ्या आठवा. जुन्या पुस्तकात गरोदरपणी शंभर मिलिग्रॅम लोहाची गोळी शंभर दिवस असं उत्तर आहे. आता सरकारी कार्यक्रमात साठ मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक अ‍ॅसिड, आणि दिवस एकशेऐंशी. जुलाबावरच्या ओआरएसचंही तसंच. पूर्वीच्या पाकिटातलं मिश्रण जास्त तीव्र होतं, आकडा ३११. ते २००२ साली सौम्य केलं, आता आकडा २४५. क्षयाच्या औषधाचे आठवड्यातून तीन डोस हे उत्तर एके काळी बरोबर होतं, आता औषध रोज घ्यायचं असतं. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, त्यात मर्यादा वीस आठवड्यांची. २०२१ च्या दुरुस्तीनं ती काही ठरावीक स्त्रियांसाठी चोवीसवर गेली. तिथं दोन डॉक्टरांचं मत लागतं.

न्यायवैद्यकात तर वरवंटाच फिरला. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि पाठ केलेली सगळी कलमं बदलली. हुंडाबळीचं ३०४-ब आता ८० झालं, नवऱ्याच्या-सासरच्या छळाचं ४९८-अ आता ८५. धाकटीनं जुन्या पुस्तकात एकेक आकडा खोडून नवा लिहिला. मी शेजारी बसून वाचत होते. कलमं किती सहज बदलतात, असं मनात आलं. असो.

म्हणून प्रश्न किती साली विचारला होता, हे आधी बघायचं. कार्यक्रम, लस, कायदा यांतला असेल तर छापील उत्तर तसंच गिळायचं नाही. शरीरातली नस मात्र काही जागा बदलत नाही, तिथं वीस वर्षांपूर्वीचा प्रश्नही ताजा.

आणि काही उत्तरं आपल्याच मातीतली असतात बरं का! विंचू चावलेल्या मुलाला कोणतं औषध, या प्रश्नाचं उत्तर 'प्राझोसिन'. मी नाव वाचताना अडखळले, तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, हे उत्तर महाडचं आहे." कोकणात लाल विंचवाच्या दंशानं मुलं दगावत, तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरचं हे औषध त्यांना देऊन पाहिलं, निरीक्षणं लिहून काढली आणि ती परदेशातल्या नामांकित नियतकालिकांत छापून आली. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनीही या कामात बरोबरीनं. डॉक्टरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. उन्हाळ्यात विंचू आमच्याकडेही कमी नाहीत. हा प्रश्न मला एकदाच वाचून पाठ झाला.

चुकांची वही मात्र हवीच. पण नुसती चूक लिहून भागत नाही, कशामुळे चुकलं तेही लिहायचं. आलंच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, की प्रश्न नीट वाचला नाही? धाकटीच्या वहीत तिसऱ्या प्रकारच्या चुका पाहून मला हसू आणि राग दोन्ही आलं. 'यांपैकी कोणते नाही' मधला 'नाही' तिला दिसायचाच नाही. आमच्या सहावीच्या पोरांसारखं! मग मी वाचताना 'नाही' शब्दावर पोळपाट वाजवायला लागले. हसू नका, उपयोग झाला.

गुणांचा हिशेबही मी बी.ए. असून मांडला. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. अगदी डोळे मिटून चार प्रश्न ठोकले, तर सरासरीनं एक बरोबर आणि तीन चूक, म्हणजे हाती एक गुण. पण प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय नक्की चुकीचे म्हणून बाजूला काढता आले, तर चारांतले दोन लागतात. आठातून दोन गेले, सहा राहिले. 'बाकीची तीन का नाहीत' या कंटाळवाण्या प्रश्नाची किंमत त्या दिवशी आम्हां दोघींना आकड्यांत कळली.

२०२४ पासून पेपराचे पाच भाग पाडलेले असतात, एकेकात चाळीस प्रश्न आणि बेचाळीस मिनिटं. भाग संपला की मागं फिरता येत नाही. म्हणून शेवटचे तीन महिने सुटे प्रश्न बंद करून आम्ही बेचाळीस मिनिटांचा गजर लावायला लागलो. भाजी करपली तरी त्या वेळात हाक मारायची नाही. दोनदा करपली.

एवढं वाचून तुम्हांला वाटेल, काय समजूतदार जाऊ आहे ही! तसं नाही हो. फेब्रुवारीत एक दिवस माझा तोल गेला. शाळेतून आले, तर सकाळची भांडी तशीच, छोटू रडतोय आणि ही दार लावून आत. मी भांडी आदळली. मीही एकेकाळी बाहेरून एम.ए. करायला फॉर्म भरला होता. पहिल्या पेपराच्या आठवड्यात घरात लग्न निघालं आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. तेव्हा माझा ओटा कुणी सांभाळला नव्हता. मग आता मी का सांभाळावा, असा हिशेब मी दोन दिवस मनात घोळवला. त्या दोन रात्री प्रश्न वाचले नाहीत. तिसऱ्या रात्री भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, स्वतः भांडी घासताना दिसले, तेव्हा मला कळलं की मी चुकीच्या माणसावर चिडले होते. मी त्यांना तिथंच सांगितलं, "रात्रीचा छोटू आणि सकाळची भांडी आजपासून तुमची." त्यांनी मान डोलावली. मैत्रिणींनो, जावेनं जावेला सांभाळावं हे छानच, पण ज्याची बायको शिकते त्यानं आधी हलावं. ही गोष्ट मी सहा महिने आधीच सांगायला हवी होती.

२०२५ ची परीक्षा आधी १५ जूनला, दोन पाळ्यांत व्हायची होती. सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यांना एकाच पाळीत घ्या असं सांगितलं, आणि तारीख गेली ३ ऑगस्टवर. मी पंचांग उघडलं. नागपंचमी मंगळवारी, २९ जुलैला. त्यापुढचा रविवार कोणता? पुन्हा कानबाई! मी पंचांग मिटून तसंच सासूबाईंसमोर ठेवलं. त्या थोडा वेळ बोटं मोजत बसल्या. मग म्हणाल्या, "रोट तर सोमवारीबी खाता येतो. तिच्या वाटचा झाकून ठेवू." भाऊबंदांपैकी एका काकूंनी विचारलंच, "धाकटी कुठं गेली?" सासूबाईंनी रोट थापता थापता उत्तर दिलं, "परीक्षेला. फवारणीवाल्याची छाती तपासायला." काकूंना काही कळलं नाही, आणि सांगत बसायला सासूबाईंना वेळ नव्हता.

१९ ऑगस्टला निकाल आला. मनात होतं स्त्रीरोग. तेवढा वरचा क्रमांक नाही आला. प्रवेशाच्या फेऱ्या लांबत गेल्या, तिचा जीव टांगणीला लागला, आणि अखेर वऱ्हाडातल्या एका सरकारी कॉलेजात बालरोग मिळालं. ती आधी थोडी हिरमुसली. मग दोन दिवसांनी बालरोगाचंच जाड पुस्तक उघडून बसलेली दिसली.

छोटू आमच्याकडेच आहे. निवासी डॉक्टरची ड्यूटी म्हणजे दिवस-रात्रीचा पत्ता नसतो, आणि तिथं त्याला बघणार कोण? तीन वर्षांच्या पोराला सोडून जाताना ती बसमध्ये चढली आणि पुन्हा उतरली, हे मी पाहिलंय. तेव्हा 'शिकू द्या हो सुनांना' असं म्हणणं सोपं आहे. त्याचा एक हप्ता हे पोरही फेडतंय. रोज रात्री त्याला फोनवर आई दिसते, कधी पाच मिनिटं, कधी तेवढीही नाही.

परवाच्या रविवारी ती आली. सकाळच्या बसनं आली, संध्याकाळच्या बसनं जायचं होतं. मी वांगी भाजून भरीत केलं, कळण्याच्या भाकरी केल्या. ती हातपाय धुऊन 'पाच मिनिटं पडते' म्हणाली, ती तीन तास झोपली. छोटूनं तिला उठवलं नाही. तिच्या उशाशी गाडी फिरवत बसून राहिला, तोंडानं आवाज न करता. सासूबाईंनी भरिताचं पातेलं झाकून चुलीच्या उबेला सरकवलं.